दोन ओळंबे

वैशाख संपत आला की आमच्या मळ्यातल्या विहिरीत सूर्य उतरतो. एरवी भर दुपारीही विहिरीच्या एका अंगाला सावली असते आणि तळाचे पाणी काळे दिसते. उन्हाळ्याच्या टोकाला मात्र एके दिवशी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि तळापर्यंत सगळी विहीर उजळून निघते. आषाढात परतीच्या वाटेवर तो पुन्हा माथ्यावरून जातो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते आणि कोणाला काही दिसत नाही. वैशाखातल्या त्या दुपारी आमच्या घरात मोट थांबवतात. घरची माणसे काठाशी जमतात, वाकून पाण्यातले बिंब पाहतात, आणि ते सरकून गेले की बैल पुन्हा जुंपतात. ही रीत कोणी घातली ते मला माहीत नाही. पणजोबांनी विहीर खणली तेव्हापासूनची असावी.

या विहिरीवरून माझ्या वडिलांनी सूर्याचे अंतर काढले होते.

त्यांचे नाव चुडामण पाटील. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. शहाद्याच्या खाली, तापीकाठी आमची जमीन. आप्पा मराठी सातवी शिकले होते आणि त्यांना मोजण्याचा नाद होता. सावलीवरून झाडाची उंची सांगायची, टांगलेल्या कंदिलाखाली दोन काठ्या उभ्या करून त्यांच्या सावल्यांवरून कंदील किती उंच आहे ते काढायचे, हे सगळे त्यांनी मला शाळेत घालण्याआधीच शिकवले होते. कॉलेजात मला गणित कधी जड गेले नाही, त्याचे कारण हे आहे.

१९३८ साली बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला घरी आले. आमच्या समाजातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. मला पुण्याला धाडले म्हणून आप्पांना भावकीत पुष्कळ ऐकून घ्यावे लागले होते. सण आटोपला, पाहुण्या लेकीबाळी सासरी परतल्या, तसे ते मला विहिरीवर घेऊन गेले.

"निर्मल, ध्यान दीसन ऐक. ही हिर ओळंबा सोडीसन खंदेल शे. सरळ शे का नही?"

"शे."

"तुन्ही पुनानी काठी?"

"ती बी ओळंबा धरीसनच उभी करेल व्हती."

पहिल्या वर्षी सुट्टीत मला वसतिगृहातच थांबायला लावून त्यांनी एक काम सांगितले होते. आपल्या विहिरीत सूर्य उतरेल त्या दिवशी अंगणात सहा फुटी काठी ओळंब्याने, म्हणजे दोरीला बांधलेल्या वजनाने, सरळ ताडून उभी करायची आणि भर दुपारची तिची सावली मोजायची. सावली चार इंचांहून थोडी कमी भरली. मी ती तीनदा मोजली आणि कळवली. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

"आते देख," आप्पा म्हणाले. "हिर सरळ, काठी सरळ. हिरमा सावली नही, काठीले सावली शे. म्हनजे सूर्य आठे माथावर शे आन पुनाले जरासा तिरपा. कंदीलना खाल दोन काठ्या, तसंच. आठेथून पुनं सरळ दक्षिनले दोनशे मैल. मंग कंदील कितला उंच?"

हिशेब मी तोंडी केला. "चार हजार मैल, आप्पा."

"बराबर!" त्यांनी विहिरीच्या दगडावर थाप मारली. "चार हजार मैल. सूर्य इतलाच दूर शे. हाई कोनाच पुस्तकमा नही."

कोणत्याच पुस्तकात नव्हते हे खरे. पुस्तकात सव्वानऊ कोटी मैल होते.

तेवढ्यात त्यांनी विहिरीशेजारच्या छपराखालच्या खुंटीवरच्या पिशवीतून छापील कागद काढून माझ्या हाती दिले. छापखान्यातून तपासण्यासाठी आलेले ते चोपडीचे कच्चे छाप होते. वर ठळक नाव होते, 'सूर्य जवळ आहे'. खाली 'चुडामण पाटील यांचा स्वतंत्र शोध'. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, 'गणित तपासून बरोबर आढळले', त्याखाली माझे नाव, आणि नावापुढे बी.एस्सी.

शहाद्याचे घेवरचंद शेठ आमचा कापूस घेत. त्यांचे आणि आप्पांचे मैत्र जुने होते. छपाईचे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतले होते. विहिरीत सूर्य उतरेल त्या दिवशी गावाला मळ्यात जेवण द्यायचे, सगळ्यांना ते बिंब दाखवायचे, मग आप्पांनी आपला शोध सांगायचा आणि मी उभे राहून म्हणायचे की तो बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी पाचशे चोपड्या छापायला लागतील. त्यातल्या काही पुण्याच्या कॉलेजांत जाणार होत्या.

माझे प्राध्यापक ती चोपडी कशी वाचतील हे मला स्पष्ट दिसत होते. एकमेकांना दाखवतील, मोठ्याने वाचतील, हसतील. ज्या माणसाने मला पहिली काठी हातात दिली, त्याचे नाव त्या हसण्यात असेल. माझ्या नावाचे मला फारसे काही वाटले नाही.

दुपारी जेवताना मी धीर केला.

"आप्पा, पुस्तकमा सूर्य सव्वानऊ कोट मैल दूर शे."

"कोनी मोजं?"

"विलायतमा, मोठमोठा ज्योतिषीसनी."

"तू मोजं?"

"नही."

"मंग तुन्हाजोडे काय शे? ऐकेल गोट. मन्हाजोडे मोजेल शे." भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "आन त्यामा अर्धं तूच मोजेल शे."

आई चुलीपाशी होती. गजराबाई तिचे नाव, आणि बोलण्यात ती कोणाला हार जात नसे. "बाप-अंडेरनी सूर्य खाल उतारा," ती आम्हा बापलेकीला म्हणाली, "पन भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी, ती कोन देखी?"

मला आप्पांचा राग आला नाही, कारण ते बरोबर बोलत होते. माझ्याजवळ ऐकीव गोष्टच होती. कोण्या साहेबाने लिहिले म्हणून खरे मानायचे नाही, हे मला त्यांनीच शिकवले होते, आणि आता मी त्यांच्यासमोर साहेबांचे नाव घेऊन बसले होते. पण मला हेही दिसत होते की त्यांचा शोध ज्या दोन मोजमापांतून निघाला, त्याच दोहोंशी तो जुळत होता. तसा तो जुळणारच. ज्यातून उत्तर काढले त्यावरच ते ताडून पाहिले, तर कुठलेही उत्तर खरे ठरते. ताडायला तिसरे काहीतरी हवे होते, या दोहोंच्या बाहेरचे.

"आप्पा, सूर्य चार हजार मैलवर माथावर फिरस, ते मंग मावळस कसा?"

याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते. आमच्याकडची काळी जमीन इतकी सपाट आहे की पाट काढताना उतार कुठे आहे ते पाणी सोडल्यावरच कळते. या जमिनीवर जन्म गेलेल्या माणसाला सगळी पृथ्वी अशीच असणार असे वाटते. "शहादानी वाटवर बैलगाडी जास, ती दूर गयी की दिखस का? तसाच सूर्य. दूर जास, दिखेनासा व्हस."

"पन गाडी पहिले ल्हान व्हस, मंग दिखेनाशी व्हस."

आप्पांचा हात ताटात थांबला.

"सूर्य कोठे ल्हान व्हस?" मी म्हटले. "सांजले तो ल्हान दिखाले जोयजे."

"सांजले तो मोठा दिखस," आई म्हणाली. "मी रोज देखस."

"ती धूळ," आप्पा म्हणाले. "धूळमा बठ्ठं मोठं दिखस." पण ते पुढे जेवले नाहीत. ताट तसेच ठेवून हात धुतले आणि ओसरीवर येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. "डोयावर इस्वास नही. मोजता ई का?"

मोजता येते. बंद नळीच्या एका टोकाला सुईने बारीक भोक पाडायचे, दुसऱ्या टोकाला पातळ कागद लावायचा आणि भोकाचे टोक सूर्याकडे धरायचे. कागदावर उजेडाचा गोल ठिपका पडतो. तो ठिपका म्हणजे सूर्याचेच चित्र. नळीची लांबी बदलली नाही, तर ठिपक्याचा आकार फक्त सूर्य किती जवळ आहे यावर ठरतो. सूर्य दुप्पट दूर गेला की ठिपका निम्मा होतो.

मी ओसरीच्या मातीवर काढून दाखवले. आप्पांनी ते दोनदा विचारले आणि मग स्वतःच हिशेब मांडला. माथ्यावर असताना चार हजार मैल. दिवस कलल्यावर, सूर्य दोन काठ्या वर, म्हणजे मावळायला दोनेक तास राहिले असता, त्यांच्या शोधाप्रमाणे तो नऊ हजार मैलांपलीकडे गेलेला असणार.

"मंग सांजना ठिपका दुपारना निम्मापेक्षा ल्हान व्हवाले जोयजे," ते म्हणाले.

"तुम्हनं खरं व्हई ते."

"आन तुन्हं खरं व्हई ते?"

"ते दोन्ही सारखा."

शहाद्याच्या पत्रेवाल्याने नळी करून दिली, माणसाच्या दुप्पट लांब. ठिपका बंद्या रुपयाएवढा पडावा असा माझा अंदाज होता. नळी घरी आली त्या दिवशी मी म्हटले, "आप्पा, उद्या आपन दोन्ही जनं मळामा करी देखूत. कोनले सांगानं काम नही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला काय वाटत होते ते त्यांना कळले असावे.

"चोरीसन कसाले?" ते म्हणाले. "चार लोकेसमा सांगनार शे, ते चार लोकेसमाच मोजसूत. हिरना दिनले."

मी पुष्कळ विनवले. त्यांनी ऐकले नाही. उलट घेवरचंद शेठना निरोप धाडला की छपाई सुरू करण्याआधी मळ्यात एक मोजणी आहे, तिला हजर राहावे. आमचे शेजारी भिला पाटील बांधापलीकडून चौकशी करायला आले, तेव्हा त्यांनाही सगळे सांगून टाकले. भिलाभाऊंची विहीर आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती आणि आप्पांशी त्यांचे लहानपणापासून कशावरून ना कशावरून वाजत असे.

"सूर्य इतला जोडे शे, चुडामनभाऊ," भिलाभाऊ म्हणाले, "ते आखाजीले जेवाले बलावना व्हता!"

"तू येस तेच पुरं शे," आप्पा म्हणाले.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. उत्तर मला माहीत होते, पण ते मी कधी पाहिले नव्हते. हा प्रयोग माझ्या अभ्यासक्रमात नव्हता, मी तो ओसरीवर बसून जुळवला होता. आणि तो बरोबर निघाला तर सगळ्या गावासमोर माझे वडील खोटे पडणार होते, माझ्या हाताने.

तो दिवस उजाडला तेव्हा आभाळ स्वच्छ होते. मळ्यात निंबाखाली सतरंज्या पडल्या. आई आणि गावातल्या बायका खापरावर मांडे शेकत होत्या, आमरसाची पातेली ओल्या फडक्यांखाली ठेवली होती. घेवरचंद शेठ छत्री घेऊन घोड्यावरून आले. मोटेच्या लाकडी चौकटीला आम्ही नळी ओळंब्याने सरळ टांगली. खालच्या टोकाशी आप्पा टोकदार पेन्सिल घेऊन बसले.

सूर्य माथ्यावर आला. विहीर तळापर्यंत उजळली, आणि जमलेली माणसे आळीपाळीने काठावरून वाकून पाहू लागली. नळीच्या कागदावर ठिपका उमटला. आप्पांनी कडेने पेन्सिल फिरवली, कागद काढला, आणि वर्तुळ कात्रीने कापून सगळ्यांना दाखवले.

"इतला धाकला सूर्य?" भिलाभाऊ म्हणाले. "हाऊ ते मन्हा खिसामा मावस!"

लोक हसले. आप्पाही हसले. "सांजले यानाबी निम्मा व्हई," ते म्हणाले. "नही व्हयना, ते मी चुकनू. शेठ, तुम्ही साक्षीदार."

"आम्ही बठ्ठाच साक्षीदार, आप्पासाहेब," शेठ म्हणाले.

माणसे जेवायला उठली. विहिरीवर मी एकटी राहिले आणि सवयीने काठावरून वाकले. माझ्या डोक्याच्या सावलीला लागूनच पाण्यात बिंब चमकत होते. आरशातल्यासारखेच. सूर्य जितका वर, तितका तो पाण्याखाली दिसतो. आप्पांच्या हिशेबाने म्हणजे चार हजार मैल खाली, असा विचार मनात आला आणि मी तशीच थबकले.

चार हजार मैल खाली काय आहे, हे मला माहीत होते. इतके दिवस लक्षात आले नव्हते, कारण कॉलेजात तो आकडा आम्हाला सेंटिमीटरमध्ये शिकवला होता. मी विहिरीच्या दगडावर बसून त्याचे मैल केले. मग पुन्हा केले. आप्पांचा आकडा आणि पुस्तकातला हा दुसरा आकडा यांत इतका थोडा फरक होता की सावली मोजताना झालेली माझी स्वतःची चूकही त्याहून मोठी असू शकली असती.

आई बोलवायला आली. "निर्मल, जेवाले चाल. काय, देव दिखना का हिरमा?"

"नही, माय. आप्पासना हिसाब दिखना."

"त्यासना हिसाब चूलमा घाल, आन चाल."

संध्याकाळपर्यंत मी कोणाला काही बोलले नाही. सूर्य जवळ आहे की नाही हे आधी ठरायला हवे होते. त्याआधी काही सांगितले असते, तर आप्पांना ते नुसते समजूत घालणे वाटले असते.

दिवस कलला. एक रिकामी बैलगाडी मागे कलवून तिच्या साट्याच्या फळ्यांवर आम्ही नळी टेकवली आणि पश्चिमेकडे रोखली. जेवून सुस्तावलेले लोक उठून भोवती आले. मी नळी धरली, आप्पा कागदापाशी बसले. ठिपका उमटला. त्यांनी हळूहळू पेन्सिल फिरवली, कागद काढला, आणि दुपारचे वर्तुळ त्यावर ठेवले.

दोन्ही कडा एकमेकींवर बसल्या.

आप्पांनी दुसरा कागद लावला. पुन्हा काढले. मग ते उठले आणि पेन्सिल घेवरचंद शेठच्या हाती दिली. "शेठ, तुम्ही काढा. मन्हा हात कदाचित लबाडी करत व्हई."

शेठनी चष्मा लावला, धोतर सावरून खाली बसले आणि वर्तुळ काढले. तेही तेवढेच आले. शेठनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले. आप्पांकडे त्यांनी पाहिले नाही.

"भाऊ!" भिलाभाऊ ओरडले. "तुन्हा सूर्य ते जागावरनं हालना बी नही!" मागे हशा झाला. "अंडेर पुनाले धाडी, शिकाडं, आते ती बापले शिकाडी ऱ्हायनी!"

माझे हात नळीवर होते आणि पत्रा उन्हाने तापला होता. आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा मला धीर झाला नाही.

मग त्यांचा आवाज आला. गावाच्या बैठकीत बोलत तसाच, जरा मोठा, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. त्यांनी दोन्ही वर्तुळे हातात वर धरली होती.

"देखा रे बठ्ठा जन. हाई दुपारनं, हाई सांजनं. दोन्ही सारखा. दुपारले मी सांगेल व्हतं, सांजनं ल्हान व्हई. नही व्हयनं. सूर्य जोडे नही. मी चुकनू." मग ते शेठकडे वळले. "छापखानावालाले सांगा, काम थांबाडी दे."

हशा थांबला. कबूल केलेल्या माणसाला चिडवण्यात मजा राहत नाही.

आप्पा माझ्याकडे आले. राग नव्हता. कपाळावर आठी होती, हिशेब सुटत नसला की पडत असे तशी.

"निर्मल, सूर्य दूर शे, कबूल. पन मंग मन्हा चार हजार मैल कसाना? हिर खोटी नही. तुन्ही काठी खोटी नही. खोटं कोठे शे?"

"कोठेच नही, आप्पा. आकडा खरा शे."

"कसाना?"

"सूर्य इतला दूर शे की त्यानं ऊन आठे आन पुनाले सारखंच येस, समांतर. तिरपं ऊन नही. तिरपा ओळंबा शे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मी गाडीच्या साट्यावरची माती हाताने सारखी केली आणि बोटाने दोन रेषा काढल्या. एक आमची विहीर, एक माझी पुण्याची काठी. आप्पांनी त्या मनात कायम समांतर धरल्या होत्या, कारण ओळंबा सरळ असतो हे प्रत्येक विहीर खणणाऱ्याला ठाऊक असते. मी त्या खाली वाढवल्या, एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या. "तुम्हनी दोन रेघा वर मिळाड्यात," मी म्हटले. "मिळतस त्या खाल. तितल्याच दूर. चार हजार मै—"

पुढचे मला बोलावे लागले नाही. आप्पा चालत विहिरीपाशी गेले होते. काठावर उभे राहून त्यांनी खाली पाहिले, जिथे आता सावलीच होती. मग मान फिरवून दक्षिणेकडे पाहिले, पुणे असेल त्या बाजूला. आणि पुन्हा खाली.

"गोल," ते म्हणाले. "म्हनजे जमीन गोल शे, आन मी तिन्हा पोटलगून मोजं."

"हां, आप्पा. पृथ्वीना मध्यलगून. पुस्तकमा जो आकडा शे, तोच."

त्यांनी डोक्याचे पागोटे काढले, हातात धरले, पुन्हा घातले. असे करताना मी त्यांना एकदाच पाहिले होते, मी मॅट्रिक झाले त्या दिवशी. मग ते लोकांकडे वळले आणि म्हणाले, "ऐका रे. आकाश मोजाले गयथू, नही जमनं. पन ही जमीन मोजाई गयी. आठेथून, आपली हिरवरथून. मी आन मन्ही अंडेरनी मोजी."

लोकांना किती समजले कोण जाणे. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी आमच्याकडे चालही नव्हती. बायकांच्या घोळक्यातून आई मात्र मोठ्याने म्हणाली, "मी पहिलेच सांगेल व्हतं, अंडेर हुशार शे." असे तिने कधीच सांगितले नव्हते. घेवरचंद शेठ पुढे होऊन विचारू लागले की मग आता चोपडीत हेच छापायचे का. आप्पांनी मान हलवली. "आजून नही. पृथ्वीना मध्यमा त्या रेघा मिळतस, हाई हिनी सांगं. तिसरी जागा मोजाले जोयजे, दूर, मद्रासकडे कोठे. मंग देखसूत."

हे ऐकले तेव्हा मला जे वाटले, ते नीट लिहिणे अवघड आहे. तीन वर्षे जपलेला शोध त्या माणसाने संध्याकाळी सोडला होता, आणि त्याच्या जागी मी दिलेली गोष्ट तो तशीच घ्यायला तयार नव्हता, ती त्याच्या मानाची असूनही. पुढे मी मोठ्या प्रयोगशाळांत काम केले. एवढी सरळ माणसे तिथे मला फार थोडी भेटली.

तोवर भिलाभाऊ गाडीपाशी येऊन मातीतल्या रेषा पाहत होते. त्यांनी आपल्या विहिरीकडे पाहिले, आमच्या विहिरीकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज चढला.

"चुडामनभाऊ, म्हनजे मन्ही हिर वाकडी शे म्हनस का तू?"

"वाकडी नही. तुन्ही सरळ, मन्ही बी सरळ."

"मंग खाल मिळतीस कश्या?"

"दोन्ही सरळ शेतस म्हनीसनच मिळतस!"

"हाई काय बोलनं व्हयनं? मन्हा बापनी ओळंबा सोडीसन खंदेल हिर शे ती! चाल, आत्तेच चाल. तुन्हा ओळंबा आन!"

"आनस ना, भ्याऊ का?" आप्पा म्हणाले. त्यांनी छपरातून ओळंबा काढला, दोरी मनगटाला गुंडाळली, आणि दोघे भांडत भांडत बांधाकडे निघाले. चार पावलांवर आप्पा थांबले आणि मागे वळून माझ्याकडे पाहिले.

"चाल ना, निर्मल," ते म्हणाले. "याले समजाडाले दोन जन लागतीन."

मी नळी गाडीवर ठेवली आणि त्यांच्यामागे गेले.